फियाट गरम झाली की बंद, गार झाली की चालू: दोष गरम असतानाच पकडा

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० ज्यांनी घरी सांभाळली आहे, त्यांना ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, गावातून झकास जाते. दुपारच्या उन्हात टोलनाक्याच्या रांगेत किंवा खंबाटकीच्या चढावर मात्र झटके देते आणि बंद पडते. सेल्फ मारून बॅटरी दमते, गाडी काही घेत नाही. अर्धा-पाऊण तास बोनेट उघडं ठेवलं की काहीच झालं नसल्यासारखी चालू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती गार झालेली असते, मग तिथे दोष दिसतच नाही. कोणी कंडेन्सर बदलतो, कोणी कार्बोरेटर साफ करतो, पंधरा दिवस बरे जातात आणि पुढच्या उन्हाळी फेरीत पुन्हा तेच.

हा दोष वर्षानुवर्षं राहतो त्यामागचं कारण साधं आहे. रस्त्याच्या कडेला कंडेन्सर बदलायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पंप गार होतो, कार्बोरेटर गार होतो, कॉइलही गार होते. मग गाडी चालू झाली की श्रेय कंडेन्सरला मिळतं. ओला फडका टाकला असता तर फडक्याला मिळालं असतं, आणि नुसता चहा प्यायला गेलो असतो तरीही गाडी चालू झालीच असती. म्हणून माझं ठाम मत आहे की गाडी बंद पडल्यावर पहिली तीन-चार मिनिटं एकही भाग बदलू नका, फक्त तपासा. करंट नाही (म्हणजे प्लगला ठिणगी मिळत नाही) की पेट्रोल नाही, एवढं त्या वेळात कळलं तर अर्धं काम झालं. एकदा गाडी गार झाली की तो पुरावा गेला.

इथे मी फियाट-पद्मिनीचं बोलतोय: १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, इंजिनवर बसलेला यांत्रिक पेट्रोल पंप (आपले मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात) आणि पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट उघडमीट करून कॉइलचा करंट तोडतात, त्यातून कॉइल प्लगची ठिणगी तयार करते, आणि कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी दाबतो). कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, पण घरोघरी जपलेल्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. अँबेसिडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड असली तरी खालचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

गाडी कशी बंद पडली, हे आधी आठवा

गाडी चालती असताना एका क्षणात, कोणी किल्ली फिरवल्यासारखी मेली, तर संशय करंटवर घ्या. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, इग्निशन स्विच, एखादी सैल वायर यांपैकी काहीतरी. पेट्रोल संपत आल्यासारखे झटके देत, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ कमी होत होत बंद पडली, तर पेट्रोल पोचत नाही. आणि तिसरा प्रकार: गाडी उत्तम चालत होती, तुम्हीच बंद केली, दहा-वीस मिनिटं थांबलात आणि आता चालू होत नाही. हा प्रकार वेगळा आहे. यात बऱ्याचदा पेट्रोल कमी नसतं, जास्त झालेलं असतं.

हे नियम शंभर टक्के नाहीत. गरम होऊन हळूहळू मरणारी कॉइलही मिसिंग मारत, झटके देत बंद पडू शकते. पण कुठून सुरुवात करायची हे त्यावरून ठरतं.

तापमानाचा काटाही त्याच वेळी बघून ठेवा. काटा लालच्या जवळ असेल तर तुमचा प्रश्न रेडिएटर, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप किंवा मागे पडलेलं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) यांचा आहे आणि बाकीचं नंतर. काटा नेहमीच्या जागी असूनही गाडी बंद पडते, तेव्हा पुढे वाचा.

आधी करंट

करंट आधी तपासायचा, त्याला सुरक्षिततेचं कारण आहे. पेट्रोलची नळी उघडल्यावर बोनेटखाली वाफ असते, आणि तिथे ठिणगी पाडून बघणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून ठिणगीची तपासणी सगळ्यात आधी, कार्बोरेटरपासून लांब आणि पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करूनच. कोरड्या पावडरचा अग्निशामक डिकीत नको, पुढच्या सीटखाली हवा.

डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा डबा) कॅपच्या मधोमध येणारी कॉइलची जाड वायर काढा. इन्सुलेशन असलेल्या पकडीने तिचं टोक ब्लॉकच्या स्वच्छ धातूपासून पाच-सहा मिमीवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. टक-टक आवाज करणारी निळसर-पांढरी ठिणगी म्हणजे करंट चांगला. बारीक, पिवळट, मधूनच चुकणारी ठिणगी म्हणजे करंट अशक्त. आपल्या गाडीची चांगली ठिणगी कशी दिसते ते एकदा घरी, इंजिन गार असताना बघून ठेवा, नाहीतर रस्त्यावर तुलना कशाशी करणार?

ठिणगी नसेल तर बारा व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प काढा. त्याची एक क्लिप ब्लॉकला, किल्ली चालू, आणि टोक कॉइलच्या ज्या टर्मिनलला इग्निशन स्विचची वायर येते तिथे लावा. दिवा लागला नाही तर दोष कॉइलच्या अलीकडे आहे: स्विच किंवा वायरिंग. लागला, तर आता टोक पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावून सेल्फ मारा. पॉइंट उघडला की दिवा लागतो, मिटला की विझतो, म्हणजे लुकलुकला पाहिजे. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा जळून काळे पडलेत. अजिबात लागला नाही तर पॉइंटकडची वायर कॉइलवरून सोडा. आता लागला, तर कॉइल आतून सलग आहे आणि दोष पुढे आहे: पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय किंवा वायर बॉडीला टेकतेय. तरीही लागला नाही, तर कॉइलची आतली वाइंडिंग तुटली. ही वाइंडिंग गरम झाल्यावर तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते, म्हणूनच घरी मीटर लावला की कॉइल चांगली दाखवते.

दिवा व्यवस्थित लुकलुकतोय आणि तरीही ठिणगी दुबळी, असं असेल तर कंडेन्सर किंवा कॉइलची दुय्यम (ठिणगीचा उच्च दाब तयार करणारी) वाइंडिंग. इथे भाग बदलून बघण्याला पर्याय नाही, पण एका वेळी एकच बदला. मी कंडेन्सरपासून सुरुवात करतो, कारण तो स्वस्त आहे आणि हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर फार बेभरवशाचे आहेत. जुन्या, वर्षभर नीट चाललेल्या कंडेन्सरचा ‘जपलेला स्पेअर’ नव्या डबीतल्यापेक्षा विश्वासाचा. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा पटकन तयार होत असेल, तर कंडेन्सरवर संशय पक्का.

ठिणगी वायरपर्यंत जोरदार आहे, पण गाडी चालू होत नाही आणि पेट्रोलही येतंय, तर रोटर (डिस्ट्रिब्युटर कॅपखाली फिरणारा तुकडा) बघा. रोटरचं प्लास्टिक आतून फुटलं की करंट प्लगकडे न जाता मधल्या शाफ्टमधून अर्थ होतो. डोळ्याला हे दिसतही नाही. दुसरा रोटर घालणं हीच तपासणी.

कॉइलबद्दल थोडं जास्त, कारण चूक इथेच भरपूर होते

बाजारात बारा व्होल्टच्या कॉइल दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीच्या प्राथमिक वाइंडिंगचा रोध साधारण ३ ओहम असतो आणि ती थेट बॅटरीच्या दाबावर चालते. दुसरीचा रोध दीड ओहमच्या आसपास असतो आणि ती बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडचा करंट कमी करणारा वेगळा रोध) असलेल्या गाड्यांसाठी असते. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, दोन्हींवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. बॅलास्ट नसलेल्या गाडीला दुसरी कॉइल बसवली तर गणित सोपं आहे: साडेतेरा व्होल्टला ३ ओहम म्हणजे साडेचार अँपिअर, दीड ओहम म्हणजे नऊ. पॉइंट त्यासाठी बनलेले नाहीत, कॉइलही नाही. तासभर गाडी मस्त चालते, ठिणगी उलट जोरदार दिसते, आणि मग कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापून गप्प होते. नवी कॉइल घेताना दुकानातच मीटर लावा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जुनी कॉइल घेत असाल तर मीटर न लावता घेऊच नका.

आणखी एक सवय: इंजिन बंद, किल्ली चालू, आणि कोणीतरी रेडिओ ऐकतंय. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर तेवढा वेळ कॉइलमधून पूर्ण करंट वाहत राहतो. ती गरम होते आणि दोष नंतर प्रवासात दिसतो.

पॉइंटची गॅप फीलर गेजने ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान असू द्या. फायबरची टाच घासत गेली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. मागे पडलेल्या टायमिंगने इंजिन व एक्झॉस्ट दोन्ही जास्त तापतात, आणि ती सगळी धग बोनेटखाली राहते. म्हणजे पेट्रोलच्या दोषाची सुरुवातही कधी कधी पॉइंटच्या टाचेपासून होते.

करंट चांगला असेल तर पेट्रोल

किल्ली बंद करा. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि ॲक्सिलरेटरची लिंक हाताने पूर्ण ओढा. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे. नाही उडाली, तर चेंबर रिकामा आहे.

धार आहे, पेट्रोलचा उग्र वासही आहे आणि घसा ओला दिसतोय, म्हणजे तो वर सांगितलेला तिसरा प्रकार. इंजिन बंद केल्यावर पंखाही थांबतो आणि पाणीही फिरायचं थांबतं. एक्झॉस्टची धग मात्र वर येतच राहते, त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं बोनेटखालचं तापमान चालत्या गाडीपेक्षाही वाढतं. चेंबरमधलं पेट्रोल उकळून जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकांतून) मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत) सांडतं. अशा वेळी चोक ओढायचा नाही, ॲक्सिलरेटर सारखा दाबत-सोडत राहायचा नाही. तो तळापर्यंत एकदाच दाबून धरा आणि सेल्फ मारा. थोड्या वेळात दोन-तीन फुसक्या उड्या मारून इंजिन चालू होतं. घरी आल्यावर कार्बोरेटरखालचा बेकलाइटचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का ते पाहा. गॅस्केट बदलताना कोणीतरी तो टाकून दिलेला असणं अगदी नेहमीचं आहे. नीडल व्हॉल्व्ह (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी सुई) गळतोय का आणि फ्लोटची पातळी जास्त आहे का, हेही तपासा.

धार नसेल तर पंपापर्यंत मागे जायचं. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, ते मिश्रण आहे, आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच वाफ होऊ लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात हवेचंच तापमान तेवढं असतं, विदर्भात त्याहून जास्त. त्यात पंप इंजिनवर पुढे आणि टाकी मागे. पंप ती सगळी लांब नळी ओढत असतो, आणि ओढलेल्या नळीत दाब कमी झाल्यामुळे पेट्रोल आणखी लवकर उकळतं. वाफ झाली की पंप नुसती वाफच दाबत बसतो. हा व्हेपर लॉक. ओला फडका पंपावर आणि नळीवर टाकून दोन-चार मिनिटांत गाडी घेत असेल, तर दोष इथेच आहे.

फडका तात्पुरता आहे. पंप आणि ब्लॉक यांच्यामधला इन्सुलेटरही कार्बोरेटरखालच्यासारखाच महत्त्वाचा. त्याची जाडी बदलली तर पंपाच्या दांड्याचा स्ट्रोकही बदलतो, म्हणून अंदाजाने दोन-तीन पॅकिंग चढवू नयेत. पंपाला हाताने मारायची कळ असेल तर ती चालवून बघा. कळ सैल लागत असेल तर कॅम वर थांबलेला असू शकतो, इंजिन थोडं फिरवून पुन्हा मारा. त्यानंतरही जोर लागत नसेल तर डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) किंवा आतले व्हॉल्व्ह गेले. डायफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर गाडी तिथेच उभी ठेवा. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत, आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) पेट्रोलच्या वाफेचा धोका वेगळाच.

आता ज्या जागी मला सगळ्यात जास्त दोष सापडतात ती जागा: टाकी ते पंप यांच्यामधले रबरी नळीचे छोटे तुकडे. पंपाच्या पुढची नळी फुटली तर पेट्रोल गळतं आणि लगेच दिसतं. पंपाच्या मागची नळी फुटली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब नाही, वासही नाही, आणि गाडी ‘एअर घेते’. इंजिन गार असताना पंप ती तूट भरून काढतो, गरम वाफाळलेल्या पेट्रोलमध्ये त्याला ते जमत नाही. म्हणून हा दोषही गरम गाडीतच दिसतो आणि सगळे व्हेपर लॉक म्हणून फडके टाकत बसतात.

या नळ्यांना इथेनॉलने नवं संकट आणलं आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पेट्रोल विकणाऱ्या पंपांवर ई-२० आलं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्या गाड्या बनल्या तेव्हा असं इंधन कोणाच्या डोक्यातही नव्हतं. वाफ लवकर धरण्याबद्दल बरंच बोललं जातं, पण जुन्या गाडीत जास्त त्रास रबराला होतो असं मला वाटतं. साधी काळी नळी फुगते, मऊ पडते, आतला थर सुटून झडपेसारखा आत लोंबतो. बाहेरून नळी ठणठणीत. पंपाचा जुना डायफ्रामही असाच जातो. व्हायटनचं अस्तर असलेली, इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या, तिच्यावर तसा छाप असतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा एकदमच बदला, क्लिपसकट. डायफ्राम घेतानाही तो इथेनॉल सोसतो का ते विचारा.

इथेनॉलला जळायला हवा कमी लागते: पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होतं, इंजिन जरा जास्त तापतं आणि गार असताना अडखळतं. प्लगचं पोर्सेलीन पांढरंफटक दिसत असेल तर मेन जेट एक पायरी मोठा करून बघण्यासारखा आहे. ड्रिलने जेट मोठा करू नका, मापाचा जेट मिळवा.

टाकीकडेही बघायलाच हवं. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी ‘गरम होऊन’ बंद पडते. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा: हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर उष्णतेचा काही संबंधच नव्हता. गंजाचं तसंच. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पापुद्रे सुटतात, चालताना ते ओढून नळीच्या तोंडाशी बसतात, थांबल्यावर खाली पडतात. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावला तर तांबूस गाळ लगेच दिसतो. फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाबरू नका, तो बऱ्याच गाड्यांत तसाच दिसतो. मात्र तो एक्झॉस्टच्या वर बांधू नका.

इलेक्ट्रिक पंप बसवावा का?

टाकीजवळ बसवलेला पंप पेट्रोल ओढत नाही, ढकलतो, त्यामुळे नळीत वाफ होणं खूप कमी होतं. उपाय चांगला आहे, पण तो शेवटचा. वरचे दोष शोधले नाहीत तर नवा पंप तेच दोष झाकून ठेवतो. बसवायचाच तर दोन-तीन पीएसआयचा कमी दाबाचा घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप सोलेक्सचा नीडल उघडा पाडेल आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर सांडेल. ऑइल प्रेशर गेलं किंवा धडक बसली की पंपाचा करंट तुटेल असा स्विच मधे असलाच पाहिजे. याशिवाय बसवलेला पंप मी कोणाच्याही गाडीत राहू देणार नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायचा विचार असेल तर २०२१च्या केंद्राच्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसावेत अशी अट आहे. नळ्या, इन्सुलेटर, डायफ्राम बदलणं ही देखभाल झाली. तरीही मूळ एसी पंप काढला तर तो तेल लावून, पिशवीत घालून जपून ठेवा.

दुरुस्ती झाली की ती गरम गाडीतच तपासा. भर दुपारी चाळीस मिनिटं चालवा, शक्यतो चढाच्या रस्त्यावर. मग बोनेट न उघडता बंद करून पंधरा मिनिटं थांबा, तीच सगळ्यात वाईट वेळ. चोक न ओढता चालू झाली पाहिजे, आणि लगेच दहा मिनिटं जागेवर आयडलिंगला टिकली पाहिजे. हे लागोपाठ तीन वेळा करा. तिन्ही वेळा पास झाली तरी डिकीत टेस्ट लॅम्प, तपासलेला जुना कंडेन्सर, एक रोटर, नळीचा हातभर तुकडा आणि दोन क्लिपा राहू द्या.